आत्याची नक्कल

ती. आत्या,

परवा दादाकडे सगळे जमले होते. मी चहा ओतायला घेतला आणि डावा डोळा मिटला. उघडा ठेवला की एका कपाचे दोन दिसतात आणि चहा टेबलावर जातो. डॉक्टरांनी मला मज्जातंतूंचा आजार सांगितलाय, मल्टिपल स्क्लेरोसिस. तुझंच दुखणं. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दादा खो खो हसला. "अगदी आत्या. ती घर सोडून बारा वर्षं झाली, तरी नक्कल हुबेहूब करतेस."

तुझी नक्कल मीच करायचे. एक डोळा मिटायचा, जिन्याच्या दोन पायऱ्या चढून कठड्याला टेकायचं आणि "थकले गं बाई" म्हणायचं. आतल्या खोलीत तू पडलेली असायचीस आणि दार उघडंच असायचं. 'कामाचं नाव काढलं की हिला थकवा येतो' हे वाक्यही माझंच.

आता आंघोळ झाली की केस विंचरायला हात उचलत नाही. ओल्या केसांनी तशीच बसून राहते. स्वतःची किळस येते, पण ती दुखण्यामुळे नाही.

परवा खरं सांगून टाकता आलं असतं. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "ते जिन्याचं पण करून दाखवा ना."

मी दाखवलं. कठड्याला टेकले तेव्हा पाय खरोखरच उचलत नव्हते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी वाकून दाद घेतली.

हे पत्र कपाटातच राहील. माफी मागितली तर तू लगेच देशील, आणि ते मला सोसणार नाही.

तुझी भाची