कमरेचा पट्टा

बाबा, तुमचं चुकलं होतं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत हे वाक्य मी मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं, म्हणून आधी तेच लिहून टाकते.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली त्या आठवड्यात सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना माझ्या हातातून खडू गळून पडला. उचलला, पुन्हा पडला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं जागेवर दिसत होती, पण कुणा दुसऱ्याची असावीत तशी. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मी लिहू का?" मी हसून तिच्या हातात खडू दिला आणि वर्ग संपेपर्यंत उजवा हात पदराखाली ठेवला. घरी लाटणं धरवेना. खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत मुंग्या, आणि वाकलं की कमरेत कळ. कारण मला ठाऊक होतं. सुट्टीत आम्ही चौघी मैत्रिणी पाठीवर सॅक घेऊन नऊ दिवस हिंडून आलो होतो. परतवाड्याहून वर मेळघाटात, तुमच्याच डोंगरात. अंथरूण, कपडे, डाळ-तांदूळ, स्टोव्ह, सगळं पाठीवर. मुंग्या चौथ्या दिवशीच सुरू झाल्या होत्या. मी कुणाजवळ बोलले नाही. हे न बोलणं माझ्यात कुठून आलं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

परतवाड्याचं आपलं भाड्याचं घर. मी अकरा वर्षांची आहे. स्वयंपाकघरात चूल पेटलेली, तुम्ही दारात उभे आणि आई तुमच्या सदऱ्याची बटणं लावून देते आहे. तुम्ही आरोग्य खात्यात. जीप जिथं थांबते तिथून पुढे दोन-दोन दिवस पायी, उजव्या खांद्यावर बर्फानं भरलेली लशीची पेटी. आई विचारते, "हाताले काय झालं वो?" तुम्ही म्हणता, "मुंग्या हायेत. जातीन." चहाचा कप तुम्ही दोन्ही हातांनी धरता. मला वाटतं, थंडी आहे म्हणून. मी पेटीचा पट्टा माझ्या खांद्यावर चढवून बघते, दोन पावलं टाकते, आणि तुम्ही ओरडता, "ठेव खाली! थे तुयं काम नोय!" पेटी मी इतक्या घाईनं ठेवली की झाकण निघालं. लशीची काळजी होती का माझ्या खांद्याची, हे तुम्ही कधी सांगितलं नाही. मी आजवर लशीचीच होती असं धरून चालले.

मग मी अमरावतीला कॉलेजात निघाले तेव्हा तुम्ही मला पाठीवरची बॅग आणलीत, निळी, चांगली दणकट. तिला कमरेभोवती बांधायचा एक रुंद पट्टा होता. तुम्ही तो उलटसुलट करून पाहिला, दाढीचं पातं आणलंत आणि शिवणीपाशी कापून काढलात. "काऊन कापता?" मी विचारलं. "कंबर मोकळी पायजे बाई. कंबर बांधली का चढावर दम कोंडते. ओझं खांद्यावर घ्या लागते." इतकी वर्षं डोंगर चढलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर मी कशाला शंका घेऊ? पातं तुम्ही डाव्या हातात धरलं होतं. तुम्ही डावखुरे नव्हता, बाबा. हे मला आत्ता, सेहेचाळिसाव्या वर्षी लक्षात येतंय.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या पगारातून मोठी सॅक घेतली आणि घरी आणल्याबरोबर पहिलं काम काय केलं असेल? कात्रीनं कमरेचा पट्टा कापला. मैत्रिणी हसल्या. मी म्हटलं, "माझे बाबा मेळघाट पायी फिरायचे, मला शिकवू नका."

अकोल्याच्या डॉक्टरांनी हात वर करायला लावला, बोटं दाबून बघितली आणि सॅक हा शब्द ऐकताच मान हलवली. "खांद्यातली नस दबते आहे. हे आता बंद. या वयात हवंय कशाला?" भावाला कळलं तर फोनवर सुरूच झाला, "ताई, बस कर ना आता. दोन लेकरं कॉलेजात गेली तुई. हात गेला तर फळ्यावर काय नाकानं लिवशीन?" मी म्हटलं, "लिवीन. तुया घरी येऊन भिंतीवर लिवीन." फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ उजवी मूठ वळून बघत बसले. फळ्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. आणि वर्षातून ते नऊ दिवस सोडले तर माझं स्वतःचं म्हणावं असंही काही नाही. दोन्हीपैकी एक ठेवा, असं सगळे सांगत होते. मला दोन्ही हवं होतं.

म्हणून अमरावतीला व्यायामोपचार करणाऱ्या एका मुलीकडे गेले. तिनं फोनवरच बजावलं होतं, सॅक भरून आणा. तिच्यासमोर मी ती पाठीवर चढवली. तिनं मागं फिरून पाहिलं, मग पुढून पाहिलं. "कमरेचा पट्टा कुठी हाय मॅडम?" "कापला." "कापला? काऊन वो?" मी सांगितलं. ती हसू दाबत म्हणाली, "म्हंजे सारं वजन दोन खांद्यांच्या नसांवर. अन् स्टोव्ह, डाळ सारं बाहीरच्या बाजूनं, पाठीपासून लांब. मंग मुंग्या नाई येणार तं काय येईन? वजन कमरेच्या हाडावर बसाले पायजे." जाड पट्टीचा एक तुकडा कमरेला बांधून तिनं सॅक त्यावर टेकवली, आणि खांदे सुटले. मला तुमचा राग आला, बाबा. तिच्या खोलीत, पाठीवर सगळं ओझं तसंच असताना, मला तुमचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला माहीत नव्हतं, हे समजू शकते. पण एकदा, एकदाच, "माझा हात बधिर होतो" असं म्हणाला असतात, तर कुणीतरी त्या पेटीला दुसरा पट्टा तरी लावला असता.

आता व्यायाम चालू आहेत. मुंग्या पुष्कळ कमी आहेत, खडू टिकतो. मी इथं अकोल्यात, जुन्या शहरातल्या मोच्याकडे बसून सॅकला नवा पट्टा शिवून घेतला, तुमच्या सल्ल्याविरुद्ध आणि डॉक्टरांच्याही. महाशिवरात्रीला जोडून रजा टाकली आहे. आधी तीन दिवस, हलकी सॅक, कंबर करकचून बांधून. बोट जरा जरी झोपलं तरी मोठ्यानं बोलणार आहे, बाकी तिघींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तुमच्यासारखी गप्प राहून मी डोंगर चढणार नाही.

हे सगळं तोऱ्यात लिहिलं खरं, पण दिवाळीतली एक गोष्ट गाळली. शेवटच्या दिवशी उतारावर तिघींतल्या एका मैत्रिणीनं काही न विचारता माझी सॅक काढून घेतली आणि स्वतःच्या छातीशी अडकवली. मी नको म्हणाले नाही. हात हलवत, रिकामी, तिच्या पुढे पुढे चालत राहिले, आणि मला फार बरं वाटलं. खाली पोचल्यावर सॅक परत घेतली आणि बसस्टँडवर पुढे पोचलेल्या दोघींना सांगितलं, नऊही दिवस माझं ओझं मीच वाहिलं. ती शेजारी उभी राहून ऐकत होती. तिचे अजून मी आभारही मानलेले नाहीत. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, हे ठाऊक असल्यामुळेच ते इथं लिहिता आलं. तिला फोन करायला मात्र नंबर आहे, आणि मी अजून तो लावलेला नाही.