न टाकलेला चेंडू

दुमागेते,
दि. ७ ऑगस्ट

चि. ज्युवेलिन हीस मेनिंगआत्याचे अ. आ.

तुमच्या कोचबाईंनी सगळ्या मुलींचे मोबाईल काढून घेतले हे उत्तम केलं. पण त्यापायी मला बाकोलोदच्या बसच्या कंडक्टरची मनधरणी करून हे पत्र पाठवावं लागतंय. सोबत गोड चिकट भाताचे बुडबुड आहेत. केळीचं पान सोलून खायचं असतं हे मनिलाच्या मुलींना आधीच सांग. गेल्या वेळी एकीने पानासकट चावून पाहिलं होतं.

माझा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे, म्हणून कालची थायलंडची मॅच शेजारच्या नेनिताच्या फोनवर पाहिली. तळहाताएवढ्या पडद्यावर दहा मुली म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. त्यात नेनिता दर दोन मिनिटांनी विचारायची, यातली आपली ज्युवी कुठली. मी म्हटलं, खेळणाऱ्यांत शोधू नकोस, बाकावर बघ. अर्धी मॅच तुला बसवून ठेवली. तुमच्या ओफेलियाबाईंना डोळे आहेत की नुसती शर्टाची बटणं?

पण शेवट पाहून ऊर भरून आला. नऊ गुणांची आघाडी, वीस सेकंद उरलेली, बास्केटखाली तू एकटी, आणि तू चेंडू टाकला नाहीस. शांतपणे आपटत वेळ संपू दिलास. जिंकलेल्या मुलीने शेवटी हात आवरावा, हे सिस्टर अन्सेल्मांनी आम्हाला शिकवलं, मी कॉन्व्हेंटच्या मुलींना तीस वर्षं शिकवलं आणि तुला अंगणात. नेनिताला म्हटलं, ही आमच्या घरची.

केस नीट बांध. लोभ आहेच, तो पत्राला उत्तर देऊन वाढव.

तुझी,
मेनिंगआत्या

बाकोलोद,
दि. ९ ऑगस्ट

ती. मेनिंगआत्यास, तुझा हात कपाळाला लावून सा. न. वि. वि.

बुडबुड दहा मिनिटांत संपले. पान कोणी खाल्लं नाही.

काल इंडोनेशियाशी दहा गुणांनी हरलो हे तुला कळलंच असेल. रागावू नकोस, आधी पुढचं वाच. गटातून दोनच संघ पुढे जातात. उद्या आम्ही म्यानमारला हरवू, पण थायलंडने इंडोनेशियाला हरवलं तर तिघांचेही दोन-दोन विजय होतात. मग आम्हा तिघांच्या आपसातल्या मॅच धरून, कोण किती गुणांनी जिंकलं-हरलं त्याची बेरीज करतात. आमचे नऊ अधिक आणि दहा उणे.

कोच ओफेलिया माझ्याशी दोन दिवस बोललेल्या नाहीत. स्पर्धा संपली की पुढच्या शिबिरासाठी अठरातल्या बाराच ठेवणार, असं सगळ्यांना सांगितलंय. मला घरी यायचं नाहीये, आत्या. म्हणजे तुझ्याकडे यायचंय, पण असं नाही.

पायाला जप.

तुझी भाची,
ज्युवी

दुमागेते,
दि. १० ऑगस्ट

चि. ज्युवेलिन हीस अ. आ.

पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा संताप आला. हा कसला नियम? पडलेल्या मुलीला आणखी दोन लाथा घातल्या तर बक्षीस, आणि सभ्यपणे थांबलं तर शिक्षा? असले नियम करणाऱ्यांना एक दिवस सिस्टर अन्सेल्मांच्या वर्गात बसवायला हवं होतं. गुडघ्यांवर.

आणि तू! हा नियम तुला आधी ठाऊक होता की नाही? ठाऊक नव्हता तर झोपली होतीस काय? ठाऊक होता तर तो चेंडू कोणासाठी धरून ठेवलास? मला उत्तर नको. मला ते माहीत आहे आणि म्हणूनच जास्त चीड येते.

ओफेलियाबाईंना मी वेगळं पत्र लिहिते आहे. त्यात खरं तेच लिहीन, की शिकवण माझी, शिक्षा तुला नको.

नेनिता फोन घेऊन आली आहे. आज तिने बॅटरी भरली नसेल तर तिचंही काही खरं नाही.

मी रागात असले तरी लोभ तेवढाच आहे.

मेनिंगआत्या

बाकोलोद,
दि. ११ ऑगस्ट

ती. मेनिंगआत्यास, हात कपाळाला लावून सा. न. वि. वि.

आम्ही म्यानमारला हरवलं, थायलंडने इंडोनेशियाला नऊने हरवलं, त्यांची बेरीज शून्य, आमची उणे एक, आणि आम्ही एका गुणाने बाहेर. तो एक चेंडू दोन गुणांचा होता.

जेवणाच्या रांगेत थायलंडची कनोकवान माझ्यामागे होती. त्या दिवशी मला अडवायला तीच येत होती. मला वाटलं, आभार मानेल. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, की तू का थांबलीस, मी तर पळत येत होते. मी म्हटलं, तुम्ही हरलाच होतात. त्यावर ती म्हणाली, "मी हरले नव्हते. वीस सेकंद बाकी होती."



संध्याकाळी कोचनी बोलावलं. पुन्हा तसाच चेंडू हातात आला तर काय करशील, एवढंच विचारलं. तुला विचारायला वेळ नव्हता. मी म्हटलं, टाकीन. त्यांनी माझं नाव यादीत लिहिलं, बारावं. तुझं पत्र त्यांना अजून मिळालेलं नाही.

तुला वाईट वाटलं असेल तर मला रागव, पण लिहीत राहा.

तुझी,
ज्युवी

दुमागेते,
दि. १२ ऑगस्ट

चि. ज्युवी हीस अ. आ.

ओफेलियाबाईंना पत्र मिळणार नाही. लिहिलं होतं, चार पानं, तुझ्या वतीने क्षमा मागणारं. कंडक्टर दारात उभा होता तेव्हा फाडलं. शिकवण माझी असली तरी चेंडू तुझ्या हातात होता, आणि कोचना जबाबही तूच दिलास. मी मध्ये लुडबुड करणारी कोण?

वाईट वाटलं का विचारतेस. वाटलं. तीस वर्षं मी मुलींना हात आवरायला लावला आणि समोरच्या संघातल्या एकाही मुलीला कधी विचारलं नाही, की तुला काय वाटलं. सिस्टर अन्सेल्मांनीही विचारलं नसणार. आम्ही दोघी आपल्याच चांगुलपणाकडे बघत राहिलो. या वयात हे एका थाई पोरीकडून जेवणाच्या रांगेत कळावं याचा मला भयंकर राग आहे, आणि तो कोणावर काढावा ते समजत नाही. सध्या नेनितावर काढते.

तेव्हा आता ऐक. शिटी वाजेपर्यंत टाक. पळत येणारी खाली पडली तर शिटीनंतर हात देऊन उठव. आणि टाकायच्या आधी आत्याला काय वाटेल याचा विचार करत बसू नकोस, तेवढ्यात कनोकवान येऊन पोहोचेल.

लोभ असू दे. रागाचं मी बघते.

मेनिंगआत्या