गाढवाचा तास

बाई, परवा मी क्लासच्या सरांशी कडाकडा भांडले. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात, मग म्हणाला असतात, "लई तोंड चालवू नको गं." पण त्यांनी आपल्या 'गाढवाच्या तासा'ला हात घातला, आणि तिथं मला गप्प बसवत नाही.

भूकंपानंतर औशाकडच्या आमच्या गावात शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. आम्ही पोरं मुकीच झालो होतो. तुम्ही मोज्याचं गाढव शिवून आणलंत, हातात घातलंत आणि ते मोजायला लागलं. तीन, चार, आठ. कुणी हललं नाही. पुन्हा तीन, चार, आठ. आणि मी ओरडले, "चूक हाय!" आई गेल्यापासून मी तोंड उघडलं नव्हतं. तुम्ही मला जवळ घेतलं नाही, शाबासकी दिली नाही, गाढवच खेकसलं, "मग तू मोज की!" पुढं लातूरच्या एका केबलवाल्यानं ते टीव्हीवर आणलं, रविवारी सकाळी, थेट. पोरं फोन करकरून गाढवाच्या चुका काढायची. तुम्ही गेलात आणि मोजा माझ्या हातात आला.

आता लातूर काय, नांदेड काय, गल्लोगल्ली क्लास झालेत. केबलवाल्याचं चॅनेल त्यांच्याच जाहिरातींवर चालतं. त्यातल्याच एका क्लासचे हे सर म्हणाले, "तास चालू ठेवा, खर्च माझा. फक्त गाढवाला हुशार करा. पालक बघून राहिले ना, मॅडम." चॅनेलवाल्यानं हात जोडले, नाहीतर तास बंदच करावा लागेल म्हणाला. मी कबूल झाले. रविवारी सर स्टुडिओत खुर्ची टाकून बसलेत आणि गाढव घडाघडा पाढे म्हणतंय, एक चूक नाही. फोन वाजेनात. शेवटी निलंग्याहून एका पोरीचा आला. "मॅडम, गाढव आजारी हाय का?"

मी गाढवाच्या आवाजात, पण सरांच्याच बोलीत म्हटलं, "हाव, सरांच्या क्लासला जाऊन राहिलो ना!" आणि घेतलं मोजायला. तीन, चार, आठ. मग फोनला उसंत नाही. तास संपल्यावर सर ओरडले, "पोरांना गाढवच करायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं, "आठवडाभर तुम्ही त्यांच्या चुका काढता. एक दिवस त्यांना काढू द्या की!" त्यांनी जाहिरात काढून घेतली. ओळखीतल्या एका साडीवाल्याला गळ घातलीय, दिवाळीपर्यंत निभेल. पुढचं पुढं.

लोक म्हणतात, पोरांसाठी किती धडपडता. खरं कारण इथंच लिहिते, हा कागद काही कुठं जायचा नाही. तुमच्या तासाच्या कॅसेटींवर चॅनेलवाल्यानं केव्हाच लोकांची लग्नं भरून टाकली. तुमचा स्वतःचा आवाज मला आता आठवत नाही, बाई. गाढवाचा तेवढा आठवतो, आणि तोही मोजा हातात घातला तरच.