ट्रेडमिलवरची तपासणी

३ नोव्हेंबर, सोमवार
आज पुन्हा जिन्यात बसले. भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि डोळ्यांपुढं अंधार. सासूबाई वरून म्हणाल्या, "रिपोर्ट बरा हाय म्हनले की डॉक्टर. मग रोजचं काय हे?" इकोत हृदयाची भिंत जाड आलीय, झोपून बघितलं तर रक्ताला अडथळा नाही. घरात सगळ्यांच्या लक्षात तेवढं शेवटचंच राहिलंय. ह्यांच्याही.

६ गुरु.
डॉ.नी उद्या ट्रेडमिलला बोलावलंय. चालवून लगेच इको. माहेरी कोणी अचानक गेलंय का, विचारलं. दादाचं सांगितलं. नातेपुत्याच्या स्टँडवर एसटीमागं पळताना पडला तो, उठलाच नाही. आम्ही आजवर ऊन लागलं म्हणत आलो.
देवा, उद्या काहीतरी निघू दे. असं मागू नये, पण निघू दे.

७ शुक्र.
निघालं.
चढ वाढवला तशी छाती आवळली. बीपी वाढायला हवं, ते उतरत गेलं. डॉ.नी मशीन थांबवलं, सिस्टरनी धरून कॉटवर निजवलं. दमलं की रक्ताची वाट अडते म्हणे. गोळ्या सुरू. ठोके बिघडले तर झटका देऊन सावरणारं मशीन छातीत बसवायचं का, ते नंतर ठरवणार.
ह्यांनी ऐकून मान खाली घातली. "मला वाटलं, तू..."
क्षणभर बरं वाटलं मला. खरंच. मग डॉ. म्हणाले, हे रक्तातून पुढं उतरतं, मुलीचाही इको करून घ्या.

९ रवि.
गौरीला खो-खोला जाऊ दिलं नाही. चौदा वर्षांची पोर, दार लावून बसली. सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या म्हायेरचं हाय हे." खरंच आहे. संध्याकाळी त्यांनीच ताट आणून पुढ्यात ठेवलं. माझं निघू दे म्हटलं होतं, तिचं नव्हतं...

१२ बुध.
गौरीची भिंतही जाड. माझ्याइतकी नाही, पण जाड. आजच ट्रेडमिल. सही ह्यांनी केली.
तिनं वेणी घट्ट बांधली. "चांगलं पळाले तर खेळू देतील ना?" दम लागला तर लगेच सांग, लपवू नको, म्हटलं. हो म्हणाली. लपवणार ती, मला ठाऊक आहे.
दार लावलंय. आम्ही दोघं बाहेर बाकावर. सिस्टरनी आत काहीतरी विचारलं.
गौरीचा आवाज आला, "काही होत नाही. वाढवा की."