प्रश्न पाचवा : उताऱ्यात काय सांगितलेले नाही?

शनिवार, ९ सप्टेंबर २००६

नववी ब चे पेपर तपासताना हात थांबला तो थांबलाच. चहावर साय धरली, तरी कप तसाच पडून आहे.

झालं असं. घटक चाचणीत अपठित उतारा म्हणून मी माझंच लिखाण घातलं. आप्पांच्या पंच्याहत्तरीचं मानपत्र लिहून तयार आहे. एक ऑक्टोबरला शाळेच्या पटांगणात सत्कार, आणि ते वाचणार मीच, त्यांची लेक. त्यातला एक तुकडा उचलला, नावगाव काढलं. 'एका गावात एक शेतकरी होता. त्याने विहिरीजवळची आपली दोन एकर जमीन शाळेसाठी दान केली...' वगैरे वगैरे. मेहनत वाचली म्हणून स्वतःवर खूश होते!

पाचवा प्रश्न नव्या छापाचा. मे महिन्यातल्या प्रशिक्षणात लॅपटॉप घेऊन एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, मुलांना उताऱ्यात काय आहे ते सापडतं, काय नाही ते सापडत नाही. मग हीच मुलं उद्या कंपनीत जातात आणि गिऱ्हाइकानं न सांगितलेलं गृहीत धरून भलतंच काहीतरी बनवून देतात. मला पटलं. म्हणून विचारलं — 'उताऱ्यात सांगितलेली नाही अशी गोष्ट लिहा. (२ गुण)'

पोरांनी दिवे लावले. 'शेतकऱ्याची उंची सांगितलेली नाही.' 'शेतकऱ्याकडे मोबाइल होता का, ते सांगितलेले नाही.' दिले गुण. न देऊन सांगते कोणाला!

आणि मग संस्कृतीचा पेपर. जूनमध्ये मांजरीहून आलेली मुलगी, मागच्या बाकावर बसते, तोंड उघडत नाही. तिनं लिहिलंय — 'ती जमीन शेतकऱ्याच्या बहिणीच्या वाट्याची होती, हे सांगितलेले नाही. तिचे नाव सरुबाई. त्या अजून हयात आहेत, हेही सांगितलेले नाही.'

सरूआत्या!! आप्पांची थोरली बहीण. मला कळायच्या आधीच पटकीनं वारली. दर सर्वपित्रीला माहेरी म्हाळाची तीन पानं वाढतात — आजोबांचं, आजीचं आणि तिचं. तिच्या पानावर मी स्वतः खीर वाढलीय. गच्चीवर नेऊन ठेवलंय, कावळा शिवेपर्यंत उन्हात उभी राहिलेय. आता ही पोर म्हणते ती हयात आहे! कोणाला सांगू कळेना, म्हणून इथे लिहितेय.

रविवार, १०

पेपर कपाटात ठेवला. दोनदा काढून परत वाचला. अक्षर सुंदर आहे पोरीचं. त्याचाही राग आला.

सोमवार, ११

मधल्या सुट्टीत संस्कृतीला बोलावलं. मी आप्पांची मुलगी हे तिला माहीत नाही, शाळेत मी सासरच्या आडनावानं. वडील काय करतात विचारलं. तिकडे काचेच्या ऑफिसांत जी माणसं जातात, त्यांची गाडी चालवतात. म्हणूनच इथे खोली घेतली. मग धीर करून विचारलं, सरुबाई कोण?

'माझी पणजी, बाई. मांजरीला असते. ती म्हणते, तुझी शाळा माझ्या वावरात हाय, नीट शिक.'

उतारा वाचल्यावर लगेच ओळखलं, म्हणाली. दारातल्या पाटीवर जागा देणाऱ्याचं नाव आहेच, आणि विहीरही अजून आहे, सायकल स्टँडच्या मागे. मग हळूच विचारते, चुकलं का बाई?

मी म्हटलं, उताऱ्याच्या बाहेरचं लिहायचं नसतं.

काय बोलले मी! प्रश्नच बाहेरचं लिहा म्हणून होता. चोवीस वर्षं शिकवतेय आणि चौदा वर्षांच्या पोरीसमोर अशी पळवाट काढली. लाज वाटली.

बुधवार, १३

शाळा सुटल्यावर तशीच माहेरी गेले. आप्पा माझ्या भावाबरोबर, विक्रमबरोबर, त्याच्या नव्या बिल्डिंगच्या साइटवर गेलेले. बरंच झालं. आई एकटी गवारी मोडत बसली होती.

आडून आडून विचारायचं मला जमत नाही. सरळ म्हटलं, सरूआत्या कशानं गेली गं? म्हणाली, पटकीनं, किती वेळा सांगू. म्हटलं, मांजरीला राहते म्हणे. आईचे हात थांबले.

'तुला कोणी सांगितलं?'

संपलं! 'कायतरीच काय' म्हणाली नाही. 'खोटं आहे' म्हणाली नाही. कोणी सांगितलं, एवढंच.

मग बोलली. गवारीकडे बघत बोलली, माझ्याकडे नाही. आजोबांनी जाताना चार माणसांसमोर सांगितलेलं, विहिरीकडचं सरूचं. सरूआत्याही म्हणाली, बाबांनी दिलंय ते मी घेणार. झालं! बहिणीनं साडीचोळी घ्यावी आणि गप सासरी जावं, हीच आपली रीत. वाटा मागितला म्हणजे जगबुडी! आप्पांनी तलाठ्यापुढे लिहून दिलं की बहीण मयत आहे. पुढे भाद्रपद आला तशी गावातली माणसं खोचून विचारू लागली — का हो, बहीण वारली ना, मग म्हाळ कुठंय? तेव्हापासून ते पान सुरू झालं. कागदावर मारली ती पुरी पडावी म्हणून घरातही मारली. पंचेचाळीस वर्षं! नऊ-दहा वर्षांनी तीच जमीन शाळेला दिली, आप्पा दानशूर झाले, आणि त्याचं मानपत्र मी लिहिलं.

आईला म्हटलं, तू वाढत राहिलीस? जिवंत बाईचं? तर म्हणाली, 'तुझ्या बापापुढं माझं काय चाललंय आजवर?'

गावातल्या जुन्या सगळ्या माणसांना माहीत होतं. येडी मी एकटी.

गुरुवार, १४

ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, 'माहेर हवंय की मार्क द्यायचेत, ते आधी ठरव.' एवढंच. मग उठून स्वतः चहा करून दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा.

रविवार, १७

मांजरीला जाऊन आले. रिक्षावाला उसाच्या कडेनं गेला, मग एकदम सातमजली इमारती, मग पुन्हा ऊस. संस्कृती सोबत होती. मी कोण ते तिला वाटेत सांगितलं. ती एवढंच म्हणाली, 'म्हणजे बाई, तुम्ही आमच्याच.'

दोन खोल्यांचं घर. दारात बाजेवर म्हातारी बसलेली. माझ्या आप्पांचं नाक! तेच, तसंच. मला वाटलं होतं मी सगळं नीट विचारीन. मेलेलं माणूस समोर बसून सुपारी कातरतंय आणि मी बघतेय! पाया पडले तर हात धरून मला जवळ ओढलं, तोंड निरखलं.

'आप्पाची नव्हं तू? कौशल्या. नाव मीच ठेवलं तुझं. पाठ बडवून काढली हुती माझी समद्यांनी.'

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ते सांगताना तिच्या पाठीत धपाटे घालायचे. माझं नाव कोणी ठेवलं असं विचारलं की आई म्हणायची, शेजारच्या काकूंनी. शेहेचाळीस वर्षं मी ज्या नावानं सही करते ते हिच्या तोंडचं आहे. मी तिथेच रडले. विद्यार्थिनीसमोर, हो. इलाज नव्हता.

बारशानंतर सहा महिन्यांनी आजोबा गेले. त्या साली भाऊबीजेला ती ताट घेऊन आली तर दार उघडलं नाही कोणी. दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिली. पुढच्या वर्षी कळलं की आपल्या नावाचा म्हाळ घालतात. हे सगळं सांगताना रडली नाही, चिडली नाही. सुपारी कातरत होती.

मी म्हटलं, आत्या, वकील बघू. कागद काढू. तर हसायलाच लागली. म्हणाली, शाळा पाडून वावर काढतीस का? पोरी शिकत्यात तिथं, शिकू दे की. मग तुला हवंय तरी काय, विचारलं.

'यंदा माझं पान वाढू नका म्हणावं. जेवती की मी अजून, दोन टायमाला.'

बस. एवढंच. पंचेचाळीस वर्षांत हीच एक मागणी. सर्वपित्री शुक्रवारी. मी शब्द देऊन आले.

सोमवार, १८

संस्कृती. प्रश्न पाचवा. दोनपैकी दोन.

मंगळवार, १९

आप्पांशी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून बोलले.

पाठ करून गेले होते. जमीन बहिणीच्या वाट्याची होती हे वाक्य मानपत्रात घालणार. आत्याला सत्काराच्या दिवशी स्टेजवर बसवायचं. आणि या शुक्रवारी तिचं पान वाढायचं नाही. नाहीतर मानपत्र मी वाचणार नाही. विक्रमचा पारा चढला. ताई तुला अक्कल आहे का, नगरसेवक येणार, पेपरवाले येणार, माझ्या बुकिंगवर परिणाम होईल, काय काय. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

आप्पांनी हातानंच त्याला थांबवलं. मग म्हणाले, 'हजारानं पोरं शिकली त्या जागेत. त्या पुण्यात तिचाबी वाटा हाय. आता आनी काय पायजे तिला?'

मी म्हटलं, 'तिला मरायचं नाहीये, आप्पा. एवढंच.'

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, चहा घेऊन जा. बस. ओरडले नाहीत. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत! आप्पांना नको असतं तेव्हा ते एका घावात नाही म्हणतात, मला चांगलं ठाऊक आहे. दोन दिवसांत विरघळतील. सख्खी बहीण आहे शेवटी. घरी येताना पाय हलके वाटत होते.

बुधवार, २०

संस्कृतीबरोबर निरोप धाडला — आप्पा नाही म्हणाले नाहीत. पोर टणाटणा उड्या मारत गेली.

गुरुवार, २१

संस्कृतीनं उलट निरोप आणला. पणजीनं उद्या पुरणपोळी करायला सांगितलीय. सर्वपित्रीला पुरण! सून म्हणाली हे काय भलतंच, तर म्हणते, आज माझा म्हाळ न्हाय, मी जेवणार. हसू आलं आणि रडूही आलं.

मला मात्र माहेरून बोलावणं आलं नाही. दरवर्षी आदल्या दिवशी विक्रमची बायको रुपाली फोन करते, ताई लवकर या, वडे तुम्हीच तळा. गडबडीत असेल. उद्या सकाळी मीच करीन फोन.

शुक्रवार, २२ — सर्वपित्री

अकरा वाजता रुपालीचा फोन. दार लावून बोलत होती. म्हणाली, ताई, येऊ नका.

पानं चार वाढलीत. आजोबा, आजी, सरूआत्या. चौथ्यावर आप्पांनी स्वतः खीर वाढली आणि मोठ्यानं माझं नाव घेतलं.

कावळा लगेच शिवला म्हणे.