वाटीवरचं नाव

१४ नोव्हेंबर
आज बेटावर राहायला आले. बपेरा गावच्या दादाजींनी नदीतल्या या बेटावर वांगी लावली आहेत, त्यांची राखण करायची. झोपडी लहान, पण दारात पाणी आणि ऊन भरपूर. मन प्रसन्न झालं. गेल्या पावसाळ्यात आमचे हे इथेच डोंग्यातून, लहान होडीतून, पडले, सापडले नाहीत. म्हणून हे काम मी मागून घेतलं.

सोबत ह्यांचा फोटो, चष्मा आणि लग्नातली स्टीलची वाटी आणली. वाटीवर ह्यांचं नाव कोरलेलं आहे. मी ते तोंडाने कधी घेतलं नाही. इथे लिहून ठेवते: ‘               ’.

१६ नोव्हेंबर
शाळा दुसरीपर्यंतच. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर शिकले. वाचनालयातून एका थंड समुद्रातल्या बेटाचं पुस्तक आणलं आहे. त्या बेटावर पूर्वी डोंगराएवढा बर्फ होता. तो सरकताना खडक घासत गेला, दगडांचे कोपरे गेले. आता समुद्र एका बाजूची कडा खातो आणि तीच वाळू दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो.

बेटाच्या खालच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या कुंताबाईला हे वाचून दाखवलं. म्हणाली, आपलं बेटही तसंच. वरचं टोक झिजते, खालचं वाढते. म्हणून दिवाळी झाली की इथले लोक झोपड्यांच्या दोऱ्या सोडून त्या खाली नेऊन बांधतात. खिळा कोणी ठोकत नाही, सगळं दोरीवर.

“तुले वरच्या टोकाले काहून ठेवलं व ललिता? दादाजी बुढा दोरीचेही पैसे वाचवून राहिला,” म्हणत हसली. मग हसू थांबवून सांगितलं, वरच्या टोकाला पाण्यात काही सोडू नको. ते खालून परत येते.

२० नोव्हेंबर
अमावास्या. ह्यांच्या नावाचा घास वाटीत ठेवला आणि वाटी पाण्यात सोडली. वरच्याच टोकाला. परत येते, हे ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नव्हता.

२१ नोव्हेंबर
वाटी खालच्या वाळूत मिळाली. लख्ख. नाव नाही. खरवडलेलं नाही, कधी कोरलंच नव्हतं असं गुळगुळीत. कुंताबाईने हात लावला नाही. म्हणाली, “नदी घासून देते, बाई. आता आनखी नको देऊ.”

पण दिलं तर नदी परत देते, एवढंच माझ्या मनात राहिलं.

२५ नोव्हेंबर
चष्मा सोडला. आला. काचा गोट्यांसारख्या. शेजारी ओल्या वाळूत पुरुषाचं पाऊल, बोटं नसलेलं.

चष्मा लावल्यावर हे कसे दिसायचे ते आठवत बसले. आठवलं नाही.

२९ नोव्हेंबर
पूर नाही, पाऊस नाही, तरी सकाळी झोपडीची मागची भिंत कडेसकट नदीत गेली. तिच्यावर फोटो होता. त्याच्यामागे मी कमरेपर्यंत पाण्यात उतरले. हाती लागला नाही.

दुपारी खालच्या टोकाला सापडला. चौकटीत कोरा कागद.

कुंताबाई म्हणते, माझ्याकडे चल. कशी जाऊ? हे आले आणि ओळखणारं कोणी नसलं तर—

१ डिसेंबर
माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्या. पाण्यात होते तिथपर्यंत अंग गुळगुळीत.

वांग्यांत माणूस उभा. भर उन्हात. अंगलट ह्यांची. चेहरा नदीतल्या गोट्यासारखा.

कुंताबाईने बजावलं, ओळख पटल्याबिगर आत घेऊ नको. त्याला नावाने हाक मार. तुझाच माणूस असेल तर मान हालवेल.

२ डिसेंबर
नाव आठवत नाही. पहिल्या दिवशी लिहिलं होतं. पान उघडलं. तिथे कागद नुसता—

तो जवळ आला आहे. भीती नाही वाटत. कोण ते तेवढं—

३ डिसेंबर
दारात उभा. थंडीने कापतो आहे. आत ये म्हटलं.

पायाखाली माती सुटते आहे. वांग्यांपलीकडून एक म्हातारी धावत येते, ललिता, ललिता म्हणून कोणाला तरी ओरडते आहे. इथे तर आम्ही दोघंच. ही ललिता कोण—