गुहेच्या तोंडाशी काढलेले बूट

डब्लिन, रविवार, १६ मे २००४

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही ‘सगळं उत्तम’ म्हणता, मीही ‘सगळं उत्तम’ म्हणते आणि तीन मिनिटांत दोघांचंही बोलणं संपतं. उद्या सकाळी साहेबांना उत्तर द्यायचंय. इथे आणखी दोन वर्षं, की परत आपल्या हडपसरच्या ऑफिसात. ‘परत यायची घाई करू नकोस’ हे तुमचं मत मला पाठ आहे. विहारात तुम्ही सगळ्यांना ‘माझी दीक्षा आयर्लंडला असते’ असं सांगता, तेही ऐकून आहे. पण आठवडाभर माझं चित्त थाऱ्यावर नाही. चहा करते आणि ओट्यावरच विसरते. तुमचं मागचं पत्र चारदा उघडलं, चारदा मिटलं. अक्षर आपल्या धाकट्या अभिनवचं, कारण तुमचा हात दुखतो. सही तेवढी तुमची, तीही शेवटच्या दोन ओळींच्या डोक्यावर चढून बसलेली. तीस वर्षं कारखान्यात मायक्रोमीटर लावून दुसऱ्यांचं काम नापास करणाऱ्या माणसाची ही सही, म्हणून मी हसले होते.

घरात बसवेना म्हणून काल एकटीच बस पकडून किल्केनी नावाच्या जुन्या गावी गेले. नदीकाठी किल्ला, दगडी रस्ते, आणि आपल्या शनिवार पेठेत सहज खपून जाईल असा एक अरुंद बोळ. पूर्वी तिथे लोणी विकायचे म्हणे. तुम्ही असतात तर प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली असतीत आणि आम्हाला ताटकळत ठेवलं असतंत. मी कुठेच दहा मिनिटं टिकले नाही. किल्ल्याचं तिकीट काढून अर्ध्यातूनच बाहेर पडले. चर्चशेजारी एक उंच, गोल मनोरा आहे, त्याच्या शिड्या धापा टाकत चढले आणि वर पोचल्यावर गाव बघायचं सोडून घड्याळ बघितलं. उद्याचं उत्तर काही केल्या पाठ सोडेना.

गावाबाहेर एक गुहा आहे असं कळलं, तर टॅक्सी करून तिथे. कोरलेलं लेणं नव्हे, पाण्याने आपली आपण पाडलेली पोकळी. हजार वर्षांपूर्वी हल्लेखोरांना भिऊन इथे लोक लपले आणि आतच मारले गेले, असं सांगतात. आम्ही पंधरा-सोळा जण तोंडाशी उभे होतो. मी वाकले, बूट काढले, मोजे आत खोचले आणि जोडी भिंतीकडेला नीट लावून ठेवली. अनवाणी दोन पायऱ्या उतरल्यावर लक्षात आलं की बाकी कुणीच काढले नाहीत! गुहा दाखवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांना वाटलं, माझा पाय मुरगळला. मी म्हटलं, आमच्याकडे लेण्यात पायताण घालून जात नाहीत, वडील रागावतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दगड ओला आहे, तुझे वडील इथे असते तर त्यांनीच घाल म्हणून सांगितलं असतं. मी मुकाट्याने घातले.

पण मन तोवर कार्ल्याला पोचलं होतं. दर बुद्धपौर्णिमेला आळीतल्या पोरांनी भरलेला टेम्पो, लेण्याबाहेर तुम्ही लावून घेतलेली चपलांची रांग, आणि आत शिरल्यावरचा तुमचा हुकूम. लगेच बघायला जाऊ नका, गप उभे राहा, डोळ्यांना वेळ द्या. आणि खरंच, हळूहळू समोरचा स्तूप दिसायला लागायचा. लहानपणी मला वाटायचं, तो तुम्हीच आणता. या पौर्णिमेला मात्र गुडघे दुखतात म्हणून तुम्ही पायथ्याशीच बसून राहिलात, असं अभिनव बोलून गेला. तुम्ही आणि पायथ्याशी?

गुहेच्या तळाशी त्या बाईंनी सगळे दिवे घालवले. थोडी खुसखुस झाली, मग सगळे गप्प. मी तुमच्या शिस्तीत उभी राहिले. पन्नासपर्यंत मोजलं. शंभरपर्यंत मोजलं. नाकासमोर धरलेला स्वतःचा हातसुद्धा दिसेना. बाई म्हणाल्या, डोळ्यांना सवय व्हायला थोडा तरी उजेड लागतो, इथे तो मुळीच नाही. त्याच क्षणी बाबा, ती ओळींवर चढलेली सही माझ्या डोळ्यांपुढे आली. त्यामागोमाग ते गुडघे आले. मी तोंड दाबून रडले. अंधार होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

वर आल्या आल्या अभिनवला फोन लावला. दोन मिनिटं त्याने टोलवाटोलवी केली, मग सगळं सांगून टाकलं. काचबिंदू, दीड वर्ष झालं. उजवा डोळा गेला, डाव्याला उजेड आणि सावली कळते एवढंच. दीक्षाला कळलं तर धावत येईल, म्हणून तुम्ही त्याला आईची शपथ घातलीत. बरोबर ओळखलंत. उद्या मी साहेबांना सांगणार आहे, मी परत जाते. काय रागवायचं ते समोरासमोर रागवा. मला तुमचा राग आलाय, तोही समोरच काढीन. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही हे ठाऊक असूनच लिहिलं, कारण फोनवर तुम्ही पुन्हा ‘उत्तम’ म्हणाला असतात. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही. अभिनव, आवाज कापू देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच. बाबा, मी आले की आपण दोघं कार्ल्याला जाऊ. पायऱ्या मी मोजत जाईन, तुमच्या चपला मी काढून रांगेत ठेवीन. आत गेल्यावर तुम्ही नेहमीसारखे गप उभे राहा. माझ्या डोळ्यांना दिसू लागलं, की स्तूप कुठे आहे ते मी सांगते.

तुमचीच,
दीक्षा